शाळा, झाडे आणि राहून गेलेली मधमाशी

२० मे हा जागतिक मधमाशी दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१७च्या डिसेंबरात तो ठरवला आणि २०१८पासून तो पाळला जाऊ लागला. स्लोव्हेनिया नावाच्या एका छोट्या देशाने त्यासाठी खटपट केली. त्यांच्याकडे अठराव्या शतकात आंतोन यान्शा नावाचा मधमाशीपालनाचा मोठा जाणकार होऊन गेला, त्याच्या स्मरणार्थ ही तारीख. तिकडे मे महिना म्हणजे फुलांचा बहर. आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यात? शाळेला कुलूप, विहिरींनी तळ गाठलेला, आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. ५ जूनच्या पर्यावरण दिनाचेही तेच. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे निसर्गाचे हे दोन्ही मोठे दिवस आमच्या मुलांच्या सुट्टीतच उरकून जातात.

हे आठवायचे कारण असे, की पुण्याच्या माझ्या भाचीने मध्यंतरी फोनवर विचारले, "मावशी, मुलाच्या शाळेत फुलपाखरांसाठी आणि मधमाश्यांसाठी बाग करणार आहेत. मुलांनीच सगळे करायचे. तुमच्या वेळी असे काही होते का गं?" मी म्हटले, होते आणि नव्हतेही. एवढ्याने तिचे समाधान झाले नाही, माझेही नाही. म्हणून हे जरा नीट लिहून काढते आहे. मी बीए झालेली मराठीची शिक्षिका, शास्त्राची नव्हे. पण वृक्षारोपण आणि हरित सेना ही कामे शाळेत बहुधा भाषेच्या बाईंच्याच गळ्यात पडतात, त्यामुळे हा इतिहास मी बराचसा आतून पाहिलेला आहे.

पण आपल्याकडचा इतिहास सुरू करण्याआधी मंडळी, तुम्हाला थोडे जर्मनीला नेऊन आणते. कारण ज्या माणसामुळे आज आपण 'परागीभवन' म्हणून पाठ शिकवतो, तो आमच्याच धंद्यातला होता!

ख्रिस्तियान कोन्राड श्प्रेंगेल. बर्लिनजवळच्या श्पांडाऊ या गावात एका शाळेचा मुख्याध्यापक. १७८७ साली रानातल्या एका जिरेनियमच्या फुलात पाकळीच्या तळाशी त्याला बारीक केस दिसले. हे केस कशासाठी? त्याने विचार केला, आत मध आहे, पावसाचे पाणी त्यात जाऊ नये म्हणून हे छप्पर असणार. मग मध कोणासाठी? किड्यांसाठी. आणि किडे कशासाठी? इथून तो जो मागे लागला तो सहा वर्षे. साडेचारशेहून अधिक वनस्पतींची फुले त्याने पाहिली आणि १७९३ साली पुस्तक छापले. फुलाचा रंग, वास, पाकळ्यांवरच्या रेघा हे सगळे किड्याला बोलावण्यासाठी आहे, आणि तो किडा एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला नेतो म्हणून फळ धरते, हे त्याने सांगितले. लोकांनी तेव्हा त्याच्याकडे लक्षच दिले नाही. शाळेत वरिष्ठांशी वाद झाले, १७९४ मध्ये नोकरी सुटली. पुढे बर्लिनमध्ये शिकवण्या करून आणि रविवारी लोकांना रानात नेऊन झाडेझुडपे दाखवून तो जगला. सुमारे पन्नास वर्षांनी डार्विनच्या हातात ते पुस्तक पडले, तेव्हा कुठे त्याची किंमत जगाला कळली.

मला या गोष्टीत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. श्प्रेंगेलकडे प्रयोगशाळा नव्हती. त्याने फक्त एका फुलाजवळ बराच वेळ बसून पाहिले. हे काम सातवीतले मूलही करू शकते. हे लक्षात ठेवा, पुढे याच्याशी काम आहे.

आता आपल्याकडे येऊ. शाळेतल्या मुलांना वर्गाबाहेर काढून मातीत काम करायला लावायचे, हा विचार आमच्या विदर्भातलाच. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम केला आणि तीच पुढे 'नई तालीम' झाली. आमच्या पिढीच्या शाळांत याचा शेवटचा वास राहिला होता. 'मूलोद्योग' नावाचा तास असे, त्यात टकळीवर सूत नाहीतर बागकाम. गावोगावच्या शाळांवर 'जीवन शिक्षण' असे शब्द रंगवलेले असत. नई तालीमच्या मुळाशी 'समवाय' होता. म्हणजे वाफ्यात पालक लावायचा, तर त्या वाफ्याचे क्षेत्रफळ काढून गणित, त्याची रोजनिशी लिहून भाषा, मुळे-पाने पाहून शास्त्र. हात आणि डोळे एकाच वेळी कामाला. डोळ्यांनी पाहिलेले वहीत उतरायचे.

त्याच वर्ध्यात आणखी एक गोष्ट होती, जी शिक्षणाच्या इतिहासात सहसा कोणी सांगत नाही. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचे काम चाले. तेलघाणी, हातकागद यांच्या बरोबरीने तिथे मधमाशीपालनही शिकवले जाई. संघाचे काम पाहत जे. सी. कुमारप्पा. त्यांनी जबलपूरच्या तुरुंगात असताना 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिले, त्याला गांधीजींची १९४५ची प्रस्तावना आहे. त्यात त्यांनी निसर्गातल्या अर्थव्यवस्थांची प्रतवारी लावली आहे. दुसऱ्याला मारून जगणारा वाघ खालच्या पायरीवर, आयते उचलून खाणारे माकड त्याच्या वर, आणि घेता घेता देणारी मधमाशी त्याहून वर. कारण ती फुलातून मध घेते पण त्याच फेरीत फुलाला फळ धरण्याची सोय करून जाते. आणि पोळ्यात ती एकटीसाठी नाही, सगळ्यांसाठी साठवते. सगळ्यात वरची पायरी त्यांनी पिलांना भरवणाऱ्या पक्षिणीला दिली आहे, मोबदल्याची अपेक्षा नसलेल्या सेवेला.

म्हणजे पाहा, मुलांना बाहेर न्यायची शाळा आणि मधमाशीला अर्थशास्त्रात मान देणारा माणूस, दोन्ही आमच्या वर्ध्यात, तेही एकाच काळात. स्वातंत्र्यानंतर या दोन गोष्टी हातात हात घालून प्रत्येक गावच्या शाळेत यायला हव्या होत्या. तसे झाले नाही.

झाले काय ते सांगते. जुलै १९५०मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला. कल्पना चांगली, वेळही आपल्या पावसाला धरून. शाळांच्या वाट्याला खड्डे आणि रोपे आली. मग गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला, महाविद्यालयांसाठी राष्ट्रीय सेवा योजना आली. खेड्यात दहा दिवसांचे शिबिर, श्रमदानाने रस्ता, बांध, शोषखड्डे. शाळांत कोठारी आयोगानंतर 'कार्यानुभव' आला, १९७७ नंतर 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' आले. नावे बदलत गेली, समवाय मात्र मागे पडत गेला. हाताचे काम हातापाशी राहिले आणि अभ्यास पुस्तकापाशी.

१९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरण सुरू झाले, तेव्हाचे मला चांगले आठवते. शाळांना रोपवाटिका दिल्या. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, माती, शेणखत, रेती. मुले सावलीत बसून पिशव्या भरत, गप्पा मारत, आणि खरे सांगायचे तर वर्गापेक्षा तिथे जास्त रमत. वर्गात तोंड न उघडणारी मुले पिशव्या भरण्यात पहिली असत. रोपे कोणती, तर सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प, गुलमोहर. लवकर वाढणारी, सरपण देणारी. त्या काळाची गरज तीच होती, म्हणून कोणाला दोष देत नाही. सरपणासाठी बायांचे अर्धे आयुष्य रानात जात होते. निलगिरीच्या फुलावर माश्या येतात हेही खरे. पण ही निवड करताना 'या झाडाचे फूल कोणाच्या पोटात जाणार' हा प्रश्न त्या यादीत नव्हताच. रजिस्टरात रकाने दोन, लावलेली रोपे आणि जगलेली रोपे.

२००१-०२ साली केंद्र सरकारची राष्ट्रीय हरित सेना आली. सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यातल्या १०० शाळा, प्रत्येक शाळेत तीस-पन्नास मुलांचा गट. १८ डिसेंबर २००३ला सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सर्व राज्यांत लागू करायला सांगितले आणि 'पर्यावरण' या विषयाला वेगळी वही आली, वेगळे गुण आले. फलक, घोषणा, प्रभातफेरी, निबंधस्पर्धा. पुढे २०१६ पासून राज्याची मोठी वृक्षलागवड मोहीम झाली. आधी दोन कोटी, मग चार, मग तेरा, आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटींचे लक्ष्य. २०२४ पासून आईच्या नावाने एक झाड. (गेल्या वर्षीच्या खड्ड्यातच यंदाचे रोप, हा विनोद महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत ऐकायला मिळतो. विनोद असला तरी खड्डा खरा असतो.)

पाऊणशे वर्षांचा हा हिशेब एका ओळीत मांडायचा तर असा, की प्रत्येक योजनेने मुलांचे हात मागितले. डोळे कोणी मागितले नाहीत.

आणि नेमक्या याच काळात शाळेच्या कुंपणापलीकडे काय चालले होते?

आमचे धाड हे बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. जिल्ह्याच्या अगदी कडेला, पलीकडे जालना जिल्ह्यातले भोकरदन. इंग्रजांच्या काळात इकडे वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचे राज्य. आमच्या लहानपणी वावरात पऱ्हाटी, ज्वारी, तूर, मूग, तीळ, जवस, करडई असे मिसळून असायचे. नंतर सूर्यफूल आले. म्हणजे पावसाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत रानात काही ना काही फुललेले. धुऱ्यावर (इतर भागातले लोक बांध म्हणतात) बाभूळ, हिवर, बोर, पळस, मध्येच एखादी काटेसावर. माशीला वर्षभराची खानावळ!

१९९०नंतर सोयाबीन आले आणि बघता बघता सगळीकडे पसरले. पैसा देते, म्हणून शेतकऱ्याने घेतले, त्यात त्याचे काय चुकले? पण सोयाबीनचे फूल बहुतेक स्वतःचेच परागीभवन स्वतः करून घेते, त्याला माशीची फारशी गरज नाही आणि माशीलाही त्याचा फारसा आधार नाही. करडई-जवस गेले. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी म्हणून धुरे कोरले गेले. राहिलेल्या धुऱ्यावर तणनाशक. ई-क्लास जमिनीवर अतिक्रमण आणि गाजरगवत. जगात माश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक पोळे बांधत नाहीत, जमिनीत बीळ करून एकट्या राहतात. न नांगरलेला धुरा म्हणजे त्यांचे गाव. ते गावच उठले, आणि पुनर्वसनाचा प्रश्नही कोणी विचारला नाही.

२०१९च्या डिसेंबरात टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून आमच्या जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. आम्हालाही अभिमान वाटला. पण वाघ आलेला कळतो, माशी गेलेली कळत नाही. ती कळते एकदम पिकात.

आमच्या भागात ते कांद्याच्या बियाण्यात कळते. बुलढाणा जिल्ह्यात आणि शेजारी जालन्याकडे कांद्याचे बीजोत्पादन मोठे. दिवाळीच्या आसपास कांदे लावायचे, जानेवारी-फेब्रुवारीत त्यांना पांढरे गोल गोंडे येतात, मार्च-एप्रिलमध्ये काळे बी निघते. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर. त्यामुळे ते फूल स्वतःचे स्वतः भागवू शकत नाही. कोणीतरी एका फुलाचे पराग दुसऱ्याला नेलेच पाहिजेत, आणि हे काम वाऱ्याने होत नाही. माशी आली नाही तर गोंडा दिसायला टपोरा, पण आत बोंडे पोकळ. लोक गुळाचे पाणी शिंपडून पाहतात, काही जण मधपेट्या भाड्याने आणतात. याच जिल्ह्यात देऊळगाव राजाकडे शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचे संकरित बियाणे तयार होते. तिथे बाया चिमट्याने कळीतले पुंकेसर काढतात आणि दुसऱ्या दिवशी हाताने एकेका फुलाला पराग लावतात. दिवसभर उभे राहून, मजुरीवर. ते काम पाहिले की मधमाशी फुकटात काय करते याचा हिशेब आपोआप डोक्यात येतो.

निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात मी गल्लीतली सात-आठ मुले घेऊन एक साधा उद्योग केला. गावाशेजारच्या एका कांद्याच्या तुकड्यापाशी रोज सकाळी दहाला जायचे, प्रत्येकाने एक गोंडा निवडायचा आणि दहा मिनिटे त्यावर काय काय बसते त्याच्या वहीत रेघा मारायच्या. काळी-पिवळी, मोठी, बारीक, माशी, फुलपाखरू, इतकेच रकाने. नावे येत नसली तरी चालेल. (पुढे वाचले, की ब्रिटनमध्ये २०१७ पासून अशीच मोजणी चालते. अर्धा मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद तुकडा, दहा मिनिटे. म्हणजे आमची पद्धत फार काही गावंढळ नव्हती!) पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारले, "बाई, याचे मार्क असतात का?" नाही म्हटल्यावर तो थोडा हिरमुसला, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांआधी तोच हजर.

आठ-दहा दिवस झाले. रेघांनी पाने भरत होती. मग त्या वावरात फुलकिड्यांसाठी फवारणी झाली, भर सकाळी, गोंडे पूर्ण उमललेले असताना. दुकानातून जे औषध दिले ते मारले. नंतरचे चार दिवस मुलांच्या वह्यांची पाने जवळजवळ कोरी. पाचव्या दिवशी थोड्या रेघा. मुलांना कोणी काही समजावले नव्हते. त्यांनी वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांनाच ते दिसले. ते वावर ज्यांचे, त्यांचा मुलगा या गटात होता. त्याने वही वडिलांना दाखवली. वडील मला भेटायला आले, जरा घुश्शातच. मला वाटले, आता काही बोलतात. पण म्हणाले, "बाई, औषध मारू नको म्हणता, तर किडीचं काय करू? पोरांना उपाशी ठेवू?" प्रश्न अगदी बरोबर होता. फवारू नका असे मी म्हणूच शकत नव्हते. मी इतकेच म्हटले, की कृषी विभागाची माणसे नेहमी सांगतात ते करून पाहा. फुले उमलण्याआधी करायची ती फवारणी करा, आणि फुलात अगदीच करावी लागली तर संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर. शेजाऱ्याने मधपेट्या ठेवल्या असतील तर आदल्या दिवशी सांगा. पुढच्या हंगामात त्यांनी वेळ बदलली. बी किती जास्त निघाले हे मी सांगणार नाही, कारण हवामान, पाणी, खत यातले काय कशामुळे हे माझ्यासारखीला सांगता येणार नाही. पण ते इतर शेतकऱ्यांना सांगताना मी ऐकले, "पोराच्या वहीत निघालं ते."

मला वाटते, मुलांची निसर्गसेवा म्हणतात ती हीच. एक झाड लावल्याने जे झाले नसते ते त्या वहीने केले.

इतिहासात अशी उदाहरणे नाहीत असे नाही. १९९०च्या दशकात माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटात महाविद्यालयांचे शिक्षक आणि विद्यार्थी यांना घेऊन जैवविविधतेच्या नोंदी करवून घेतल्या. गावोगाव लोकांच्या माहितीची नोंदवही करायची ही कल्पनाही त्याच काळात पुढे आली. २००२च्या जैवविविधता कायद्यात तिला जागा मिळाली आणि 'लोक जैवविविधता नोंदवही' प्रत्येक ग्रामपंचायतीची जबाबदारी झाली. महाराष्ट्राचे जैवविविधता मंडळ २०१२ मध्ये नागपूरला सुरू झाले. पुढे हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत दिली आणि ती पाळण्यासाठी देशभर धावपळ झाली. धावपळीत वही पूर्ण होते, पण नोंद राहते का? खरे तर ही वही दरवर्षी भरायची गोष्ट आहे, आणि दरवर्षी गावात नव्या दमाने भरायला तयार असलेली मंडळी म्हणजे शाळेतली मुलेच. २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या 'सीझनवॉच' उपक्रमात शाळेची मुले एक झाड दत्तक घेऊन दर आठवड्याला त्याला पाने, फुले, फळे किती ते लिहितात. २०२० पासून सप्टेंबर हा देशभर फुलपाखरांच्या मोजणीचा महिना मानला जातो. पाहा, हा महिना मात्र आपल्या पावसाला आणि आपल्या शाळेला अगदी बरोबर जुळतो.

मधमाश्यांच्या बाबतीतही विदर्भात काम झाले आहे. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आग्या मोहोळाला आग न लावता, फक्त मधाचा भाग कापून घेण्याची रीत मध काढणाऱ्यांना शिकवली. पोळे पुन्हा भरते, माशी मरत नाही. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' झाले. तिथे जंगल आहे, आपल्याकडे तसे नाही. पण आपल्याकडे धुरा आहे, शाळेचे आवार आहे, ई-क्लासचा उरलेला तुकडा आहे.

आता कोणी शिक्षक किंवा पालक हे वाचत असतील तर माझ्या अनुभवातले चार शब्द.

पहिले, आग्या मोहोळापाशी मुलांना कधीही नेऊ नका, आणि दगड तर मुळीच मारू देऊ नका. ते मुलांनी बघायचे काम नव्हे. सातेरी आणि फुलोरीही लांबूनच पाहाव्या.

दुसरे, शाळेच्या आवारातला एक कोपरा स्वच्छता मोहिमेतून वगळा. तिथे एकदांडी, तरोटा, रुई उगवू द्या. 'हा कोपरा मुद्दाम ठेवला आहे' अशी पाटी लावा, नाहीतर तपासणीला आलेले साहेब विचारतात. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडावरची अळी दिसली की चिरडायची सवय मुलांना असते. ती अळी एका वर्गात बरणीत पाने घालून ठेवली आणि पंधरा-वीस दिवसांनी त्यातून फुलपाखरू बाहेर आले, की पुन्हा ते मूल अळी चिरडत नाही. आपले नीलवंत हे राज्य फुलपाखरू २०१५ मध्ये ठरले. असे फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य. त्याची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते.

तिसरे, झाडे लावायची तर अशी लावा की वर्षाचा कोणताही महिना फुलावाचून जाऊ नये. काटेसावर-पळस माघ-फाल्गुनात, कडुनिंब आणि करंज चैत्राच्या आसपास, चिंच उन्हाळ्याच्या शेवटी, बोर पावसाळा संपताना, शेवगा तर मधून मधून. मुलांकडूनच हे फुलांचे कॅलेंडर भिंतीवर काढून घ्या.

चौथे, एकदा तरी पिकलेले उंबर मुलांसमोर फोडा. 'उंबराचे फूल' म्हणजे कधी न दिसणारी वस्तू, असे आपण म्हणतो. ते फूल उंबराच्या आतच असते, शेकड्यांनी. आणि आत दिसणारे ते बारीक किडे घाण नव्हेत. त्यांच्याशिवाय उंबराला बीच धरत नाही. मुले आधी "ई" करतात, मग भिंगासाठी भांडतात.

वेळ कुठून काढायचा, असे विचाराल. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत. राज्यात २०२४ पासून 'आनंददायी शनिवार' आहे. दहा मिनिटांच्या मोजणीला एक शनिवार पुरे. मे महिन्यातला जागतिक दिन जगाला लखलाभ. आमच्या मुलांचा मधमाशी दिन फेब्रुवारीत, कांद्याच्या वावरापाशी असायला हवा. विदर्भातल्या दुसऱ्या गावाने तो संत्र्याच्या आंबिया बहराला धरावा, कोकणाने आंब्याच्या मोहोराला. प्रत्येक शाळेने आपले फूल आणि आपला दिवस शोधावा.

श्प्रेंगेलला त्याच्या शाळेने सांभाळले नाही, कारण तो वर्गाबाहेर फार वेळ फुलांपाशी बसत असे. आमच्या कुमारप्पांचे पुस्तक कपाटात राहिले. दोघांकडून घेण्यासारखी गोष्ट मात्र अजून शिळी झालेली नाही आणि तिला अनुदानही लागत नाही. एक वही, एक पेन्सिल, आणि मूल एका जागी दहा मिनिटे शांत बसेल एवढा धीर. धीर मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त ठेवावा लागतो, हे चाळीसेक वर्षांच्या अनुभवाने सांगते.

असो. लिहिता लिहिता फार लांबले, शिक्षकांना तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही हे खरेच! भाचीला मात्र आता पुरते उत्तर मिळाले असेल. तुमच्या गावच्या धुऱ्यावर सध्या काय फुलले आहे, एकदा जाऊन पाहा. मुलांना सोबत न्या, आणि त्यांनी काही दाखवले तर घाई न करता बघा.